तीस बाय चाळीसची बाग: बंगळूरच्या अंगणात काय लावावं, काय टाळावं

बंगळूरच्या हवेत एकच खोट आहे: ती कुठल्याही रोपाला नाही म्हणत नाही. नागपूरचा मे महिना किंवा निफाडची थंडी रोपांची निवड स्वतःच करून टाकते. जे टिकणार नाही ते पहिल्या वर्षातच जातं आणि माणूस शहाणा होतो. समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवरच्या या शहरात पारा क्वचितच 10 अंशांखाली उतरतो, आणि एप्रिल 2016 मध्ये तो 39.2 अंशांवर गेला तेव्हा त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. त्यामुळे कोकणातला सोनचाफा, ऑस्ट्रेलियाचा सिल्व्हर ओक, मादागास्करचा गुलमोहर आणि मेक्सिकोकडचा ॲव्होकाडो एकाच कुंपणात गुण्यागोविंदाने वाढतात. निवड चुकली हे कळतं ते दहा-पंधरा वर्षांनी. कुंपणाची भिंत फुगते, जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत, म्हणजे इथल्या ‘संप’मध्ये, मुळं शिरतात, वळवाच्या वादळात फांदी शेजाऱ्याच्या गाडीवर येते. तोवर झाड एवढं झालेलं असतं की ते काढायला सरकारी परवानगी लागते.

म्हणून ‘इथे काय येईल?’ हा प्रश्न बंगळूरला फारसा कामाचा नाही; जवळजवळ सगळंच येतं. विचारायचे प्रश्न दोनच: पूर्ण वाढल्यावर ते इथे मावेल का, आणि मार्च महिन्यात त्याला पाणी कुठून देणार? फुलांचा रंग, वास, फळ हे सगळं त्यानंतर.

शहराने घालून दिलेला कित्ता

बंगळूरच्या घरमालकाच्या डोळ्यांपुढे बागेचं जे चित्र असतं ते लालबागेतून आलेलं आहे. हैदर अलीने 1760 मध्ये सुरू केलेली आणि टिपूने वाढवलेली ही बाग पुढे इंग्रजी काळात वनस्पतींच्या आयातीचं मोठं केंद्र झाली. जॉन कॅमेरॉन 1874 पासून तिचा अधीक्षक होता. काचघराचा पाया 1889 मध्ये घातला गेला तो त्याच्याच कारकिर्दीत. आज बंगळूरच्या भाजीबाजारात ‘सीमे बदनेकाई’ म्हणून विकली जाणारी, आपल्याकडच्या काकडीसारखी पाणीदार फळभाजी इथे रुजवली तीही त्यानेच.

त्याच्यानंतर आलेला गुस्टाव्ह क्रुम्बिगल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ मराठी वाचकाला अगदीच परका नाही. लंडनच्या क्यू उद्यानातून तो 1893 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात आला, आणि तिथून पुढे म्हैसूर संस्थानाने त्याला बोलावून घेतलं. एक झाड फुलून संपतं न संपतं तोच दुसरं फुलावं, म्हणजे रस्ते वर्षभर बहरलेले राहतील, ही त्याची कल्पना. फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी आणि पिवळा टॅबेबुया, त्यांच्या पाठोपाठ नीलमोहर, मग बहावा आणि तामण, मे महिन्यात गुलमोहर, पावसाळ्यानंतर बूच; बंगळूरकर आजही महिना या क्रमाने ओळखतो. 1980च्या दशकात वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांनी शहरात सुमारे 15 लाख झाडं लावून घेतली. त्यांनी या चित्रात देशी झाडांचीही भर घातली.

अडचण अशी की हे चित्र रुंद रस्त्यांसाठी आणि 240 एकरांच्या लालबागेसाठी काढलेलं आहे. ते तीस बाय चाळीस फुटांच्या भूखंडावर, म्हणजे इथल्या ‘सैट’वर, उतरवायला गेलं की फसतं. नीलमोहर रस्त्यावर शोभतो; गेट आणि हॉलची खिडकी यांच्या मधल्या पाच फुटांत नाही.

देशी की परदेशी

गेली काही वर्षं बागेच्या कुठल्याही चर्चेत हा वाद निघतोच. देशीवाल्यांचं म्हणणं असं की करंज, बकुळ, सोनचाफा, जांभूळ, कडुनिंब यांच्यावर इथल्या फुलपाखरांचा आणि पक्ष्यांचा संसार चालतो. टॅबेबुया आठवडाभर दिमाखात फुलतो, पण त्याच्या पानावर इथली अळी फारशी वाढत नाही. यात तथ्य आहे. करंजाला कन्नडमध्ये होंगे म्हणतात आणि त्याच्या गर्द राया इथल्या गावांना जुन्या काळापासून आहेत. एप्रिलमध्ये त्याला नवी पालवी आणि फुलं आली की मधमाश्यांची झुंबड उडते.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. जुन्या बंगळुरातल्या देवळांच्या आवारात हमखास दिसणारा कैलासपती, म्हणजे इथला नागलिंग, दक्षिण अमेरिकेतला आहे. देवचाफा आणि झेंडू मेक्सिकोच्या बाजूचे. पेरू, सीताफळ, पपई, रामफळ हेही त्याच मुलखातले. ज्याला परदेशी म्हणून हुसकावून लावायचं त्याचीच फुलं रोज देवाला वाहायची, असं होऊन बसतं.

घरच्या बागेपुरतं बोलायचं तर मूळ गाव हा निकष आहे, पण शेवटचा. ‘देशी म्हणजे कमी पाणी’ हे समीकरण तर सरळ चुकीचं आहे. सीता अशोक अस्सल देशी. पण तो ओढ्याकाठच्या दमट सावलीतला, उन्हाळ्यात पाणी तोडलं की त्याची पानं करपतात. उलट ब्राझीलची बोगनवेल पाण्यावाचून अधिकच फुलते. रोप कुठून आलं यापेक्षा ते कशा जमिनीतून आलं हे विचारावं.

पर्यावरण-अभ्यासक हरिणी नागेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळुरातल्या घरगुती बागांची पाहणी करून 2012 मध्ये जे लिहिलं ते इथे उपयोगी पडतं. घरोघरच्या बागांत खाण्याच्या, औषधाच्या आणि पूजेच्या झाडांचा मोठा वाटा त्यांना दिसला. पुढे याच अभ्यासकांनी शहरातल्या 44 झोपडपट्ट्या पाहिल्या. तिथेही शेवगा, नारळ आणि तुळस होतीच, कुठे जमिनीत तर कुठे फुटक्या बादलीत. म्हणजे ज्याला जागेची आणि पाण्याची खरी टंचाई आहे तो माणूस आधी उपयोगाचं झाड लावतो. मोठ्या बंगलेवाल्याने हे शिकायला हरकत नाही.

जागेचा हिशेब

तीस बाय चाळीसच्या सैटवर घर बांधून झालं की समोर चार-पाच फूट आणि बाजूंना दोन-तीन फूट पट्टे उरतात. त्यातही संप, ड्रेनेजचं चेंबर, गाडीचा रॅम्प आणि गॅस सिलिंडरची खोली आपापली जागा घेतात. झाडाला खरोखर मिळतो तो एक कोपरा, बहुधा ईशान्येचा नाहीतर वायव्येचा.

इथे सूर्याची एक गंमत लक्षात घ्यावी लागते. बंगळूर 13 अंश उत्तर अक्षांशावर आहे. एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य इथे डोक्याच्या उत्तरेला असतो. त्यामुळे हिवाळ्यात सावलीत बसलेला उत्तरेचा पट्टा ऐन वाढीच्या दिवसांत उन्हात येतो, आणि दक्षिणेच्या पट्ट्यावर घराचीच सावली पडते. शेजारी चार मजली इमारत असेल तर हा हिशेब आणखी बिघडतो. जानेवारीत एकदा आणि जूनमध्ये एकदा, दिवसभर ऊन कुठे किती तास पडतं ते पाहून मगच गुलाब कुठे आणि नेचे कुठे हे ठरवावं.

जमीन तांबडी, निचऱ्याची आणि किंचित आम्ल. लालबागेतला प्रसिद्ध खडक सुमारे 300 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तोच पाषाण शहराखाली कमी-अधिक खोलीवर पसरलेला आहे, त्यामुळे काही पेठांत तीन-चार फुटांवर कुदळ खणखणते. त्याहून मोठा शत्रू म्हणजे बांधकामाचा राडारोडा. कंत्राटदार घर सोपवताना अंगण छान लाल मातीने सजवून देतो. त्या मातीखाली फुटक्या विटा, सिमेंटचे गोळे आणि टाइलांचे तुकडे असतात. सिमेंटमुळे माती अल्कधर्मी होते, पानं पिवळी पडतात, आणि मालक खतामागून खत घालत राहतो.

एक झाड, विचारपूर्वक

एवढ्या जागेत झाड एकच, फार तर दोन. उमेदवारांची यादी मोठी आहे. त्यातले मराठी घरांत हमखास निघणारे पाहू.

सोनचाफा, इथला संपिगे, हा पहिला हट्ट. मल्लेश्वरमच्या एका मोठ्या रस्त्याला त्याचंच नाव आहे. पण बियांपासून वाढवलेला सोनचाफा फुलायला कित्येक वर्षं घेतो आणि प्रचंड वृक्ष होतो. घरासाठी कलमीच घ्यावा. कोकणातून येणारं ‘वेलणकर’ जातीचं कलम वर्ष-दोन वर्षांत फुलतं आणि छाटून बेताचं ठेवता येतं.

हापूसचा हट्ट दुसरा. कर्नाटकात तो ‘बदामी’ या नावाने ओळखला जातो आणि रामनगर-कोलार पट्ट्यात मुबलक होतो, पण घरच्या अंगणात तो एक वर्षाआड फळणारा आडदांड पाहुणा ठरतो. त्याऐवजी दशेरी आणि नीलमच्या संकरातून आलेली आम्रपाली बुटकी राहते आणि दरवर्षी फळते. हेसरघट्ट्याच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने बंगनपल्ली आणि हापूस यांच्या संकरातून काढलेली ‘अर्का अरुणा’ही लहान चणीची आहे. पेरूत याच संस्थेचे मऊ बियांचा ‘अर्का मृदुला’ आणि गुलाबी गराचा ‘अर्का किरण’ हे पर्याय आहेत. पेरूला इथे सीबे म्हणतात. रोपवाटिकेत हे नाव सांगितलं की काम सोपं होतं.

सीताफळ कमी पाण्यावर भागवतं, पंधरा फुटांच्या वर सहसा जात नाही. उन्हाळ्यापूर्वी पानं झडून खराट्यासारखं दिसतं, एवढंच. चिकू सावकाश वाढतो, बारमाही हिरवा आणि दाट सावलीचा. लिंबाला भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा हवा. कढीलिंब आणि शेवगा प्रत्येक घरी हवेतच. मात्र शेवग्याचं लाकूड ठिसूळ असतं, शेंगा काढून झाल्या की दरवर्षी तो छातीएवढा छाटावा. ॲव्होकाडो, म्हणजे इथलं बटर फ्रूट, जुन्या बंगल्यांच्या परसात उत्तम फळतं. ते चाळीस बाय साठच्या खाली लावू नये.

टाळायच्या यादीत गुलमोहर पहिला, कारण त्याची मुळं वरवरची आणि पसरट असतात. सिल्व्हर ओक वाऱ्यात मोडतो. वड, पिंपळ, रबर आणि शोभेचे फायकस भिंतीची फट शोधतात. कैलासपतीची तोफगोळ्यासारखी फळं वरून पडतात. कोनोकार्पसवर गुजरातने 2023 मध्ये बंदीच घातली. झटपट हिरवी भिंत म्हणून कुणी तो देऊ केला तरी घेऊ नये.

झुडपं, वेली आणि फुलं

बंगळूरची बाग खरी सजते ती झुडपांनी. बारा महिने फुलणारी जास्वंद आणि तगर, पावसाळ्यात अनंत, पावसापाठोपाठ वासाने घर भरून टाकणारी कुंती, आणि सकाळी अंगणात सडा घालणारा प्राजक्त. प्राजक्ताला झाडाचा आव असला तरी छाटून आठ-दहा फुटांत ठेवता येतो. त्याला उन्हाची एक बाजू द्यावी. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर कण्हेर आणि बिट्टी यांना दूर ठेवावं, दोन्ही विषारी आहेत.

वेलींत जाई, जुई, सायली, मधुमालती. मधुमालतीला भक्कम मांडव लागतो. नाजूक जाळीवर चढवली तर दोन पावसाळ्यांत जाळीच खाली येते. मोगऱ्याला संक्रांतीनंतर छाटून, पंधरा दिवस पाण्याचा ताण देऊन मग खत-पाणी केलं की मार्चपासून कळ्या लागतात. अबोली, म्हणजे इथली कनकांबर, अर्ध्या उन्हातही भागवते. निशिगंधात हेसरघट्ट्याचा ‘अर्का प्रज्वल’ जोमदार आहे. गुलाब बंगळूरच्या कोरड्या, थंड सकाळी मनापासून फुलतो, पण पावसाळ्यात त्याच्या पानांवर काळे ठिपके ठरलेले; पानं भिजवू नयेत, झुडपात वारा खेळता ठेवावा.

जमीन नसलेल्यांसाठी गच्ची आहे. गच्चीवरच्या भाज्यांची चळवळ बंगळुरात चांगली रुजली आहे. ‘ऊटा फ्रॉम युवर तोटा’ नावाचे मेळे 2011 पासून भरत आले आहेत. एवढंच ध्यानात ठेवावं की एक घनफूट ओली माती पन्नास किलोच्या घरात जाते. म्हणून कुंड्या तुळईवर, कठड्यालगत मांडाव्यात आणि मातीत कोकोपीट मिसळून वजन कमी करावं.

लावणी

बंगळूरला दोन्ही मोसमी पावसांचा लाभ होतो. वर्षाला साधारण 970 मिलिमीटर पाऊस पडतो. मे महिन्यातच वळीव सुरू होतात आणि सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात. लावणी जून-जुलैत केली की मुळांना जानेवारीच्या कोरड्या दिवसांपूर्वी सहा महिने मिळतात. ऑगस्टच्या लालबाग पुष्पप्रदर्शनातून आणलेलं रोपही चालतं. जानेवारीच्या प्रदर्शनातलं मात्र पावसाळ्यापर्यंत कुंडीतच सांभाळावं.

मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा. आंब्याला तीन फूट. राडारोडा निघाला तर तो सगळा उचलावा, परत घालू नये. मग खड्डा पाण्याने भरून पाहावा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर खाली कातळ किंवा चोपलेली माती आहे. जागा बदलावी, नाहीतर उंचवटा करून लावावं. वरची माती, एक तृतीयांश चांगलं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड, एवढं भरणीला पुरे.

पुढचा टप्पा पाच मिनिटांचा आहे, पण झाडाचं पुढचं आयुष्य त्यात ठरतं. काळी पिशवी उभी चिरून काढली की बहुतेक वेळा आत मुळांचं वेटोळं दिसतं: पिशवीच्या भिंतीला अडून तंतुमुळं गोल गोल फिरलेली, तळाशी तर चुंबळीसारखी घट्ट. ती तशीच पुरली तर झाड वर वाढतं आणि खाली स्वतःलाच आवळत राहतं. दहा वर्षांनी वाऱ्यात मुळासकट कलंडणाऱ्या झाडांपैकी काहींचं दुखणं इथे सुरू झालेलं असतं. धारदार सुरीने मातीच्या गोळ्याला तीन-चार बाजूंनी उभे छेद द्यावेत, तळची चुंबळ कापून टाकावी, उरलेली मुळं बोटांनी बाहेरच्या दिशेला मोकळी करावीत. कलमाचा सांधा मातीच्या वर चार बोटं राहायलाच हवा. सांध्याखालून फुटवा आला तर तो रायवळाचा. दिसेल तेव्हा खुडावा, नाहीतर काही वर्षांत आपण आम्रपाली समजून भलतंच झाड वाढवत असतो. आळं खोडाला चिकटून न करता फांद्यांच्या घेराखाली करावं आणि त्यावर पाचोळा पसरावा. बंगळुरात लोक पाचोळा पोत्यात भरून कचरागाडीला देतात आणि खत विकत आणतात. हा व्यवहार उलटा व्हायला हवा.

पाणी

शहराचं पिण्याचं पाणी सुमारे 100 किलोमीटरवरच्या कावेरीतून शेकडो मीटर उंच चढवून आणलं जातं. मार्च 2024 च्या टंचाईत पाणीपुरवठा मंडळाने बागेला आणि गाड्या धुण्याला पिण्याचं पाणी वापरण्यास बंदी केली आणि 5,000 रुपये दंड लावला. ज्यांची बाग हिरवळीवर उभी होती त्यांची ती महिन्याभरात वाळली. ज्यांच्याकडे मुरलेली झाडं आणि पाचोळ्याने झाकलेली आळी होती त्यांनी भाज्या धुतलेल्या पाण्यावर निभावून नेलं.

हिशेब सोपा आहे. हजार चौरस फुटांच्या छतावर वर्षभरात सुमारे 90 हजार लिटर पाऊस पडतो. गळती आणि वाफ वजा केली तरी 70 हजार लिटर हाती येतात. मोठ्या भूखंडांवर आणि नव्या घरांवर पर्जन्यसंचय 2009 पासून कायद्यानेच बंधनकारक आहे. ते पाणी संपमध्ये साठवा किंवा शोषखड्ड्यातून मुरवा. पण मुरवण्याचा खड्डा झाडाजवळ खणला तर एका कामात दोन कामं होतात. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी खारट असतं, ते कुंड्यांना रोज देऊ नये.

कीड आणि कायदा

पपई आणि जास्वंदीवर पांढऱ्या कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला की हात फवाऱ्याकडे जातो. पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 मध्ये भारतात आला आणि दक्षिणेत त्याने हाहाकार उडवला. त्याला आवर घातला तो 2010 मध्ये बंगळूरच्याच राष्ट्रीय कीटक संशोधन केंद्राने आणवलेल्या एका सूक्ष्म गांधीलमाशीने. घरी विषारी फवारा मारला की आधी मरते ती ही माशी. पाण्याचा जोरदार फवारा, साबणाचं पाणी किंवा निमतेल, आणि थोडा धीर, एवढ्यावर घरगुती बागेचं भागतं. पावसाळ्यात रात्री येणाऱ्या आफ्रिकन गोगलगायी मात्र हाताने वेचूनच टाकाव्या लागतात.

कायद्याचं सांगायचं तर 1976 च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्यानुसार, काही जाती वगळता, स्वतःच्या अंगणातलं झाडही वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. हा कायदा योग्यच आहे. ज्या शहरात झाडांच्या सावलीमुळे दुपारची हवा 5.6 अंशांपर्यंत आणि डांबराचा पृष्ठभाग 27.5 अंशांपर्यंत थंड राहिल्याचं मोजमाप झालं आहे, तिथे उभ्या झाडाला संरक्षण हवंच. पण त्याचाच अर्थ असा की लावण्याचा निर्णय हाच खरा निर्णय; नंतर मागे फिरता येत नाही.

सगळं जमेस धरता तीस बाय चाळीसच्या मालकाला सल्ला द्यायचा तो असा: उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या कोपऱ्यात एकच कलमी, बेताच्या उंचीचं झाड, सोबत कढीलिंब, जास्वंद आणि प्राजक्त, गेटवर जाईची एक वेल, आणि उरलेल्या जागेत हंगामी फुलं, जी आवडली नाहीत तर पुढच्या वर्षी बदलता येतात. निम्मं अंगण तरी फरशीविना ठेवावं, कारण उघड्या मातीवाचून ही सगळी यादी व्यर्थ आहे. आणि ज्याला करंजाची गर्द सावली किंवा टॅबेबुयाचा बहर हवाच असेल त्याने ते झाड घरासमोरच्या रस्त्यासाठी, गल्लीतल्या उद्यानासाठी मागावं, लागलं की पहिली दोन वर्षं त्याला पाणी घालावं, आणि रस्त्याच्या कामात त्याची मुळं तोडली जात असतील तर उभं राहून हटकावं. मोठी झाडं या शहराच्या सामाईक जमिनीवरच वाढली आहेत, आणि आपल्या अंगणात त्यांना पुरेल एवढी जागा आता उरलेली नाही.